एका घमेल्यातले बोल्ट

जावयाच्या पदरात काय काय पडणार होतं, ते त्याच्या बायकोने, चिमटीने, लसूण सोलता सोलता मनातल्या मनात मांडून पाहिलं होतं. शस्त्रागाराच्या मिस्त्रीची जागा कायमची होणार होती. आतापर्यंत तो ‘तात्पुरता’ होता, आणि हे तात्पुरतेपण इतकं मुरलं होतं की त्याच्या डोळ्यांसमोर भरती झालेली पोरं वरच्या हुद्द्यावर जाऊन पोट सुटेपर्यंत हा आपला तात्पुरताच. जागेबरोबर शस्त्रागाराच्या मागचं दोन खोल्यांचं घर टिकणार होतं, अंगणासकट आणि स्वतःच्या नळासकट. शिवाय शस्त्रागारातली, खिडकीजवळची लाकडी हातांची खुर्ची. सासरे निवृत्त झाल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. हा तर तिच्यावर डबासुद्धा ठेवायला बिचकायचा. आणि एक गोष्ट तो मेला तरी तोंडाने बोलला नसता. सगळी छावणी त्याला ‘जावई’ म्हणायची, ते बंद होणार होतं. साहेबसुद्धा सांगायचे, “जरा जावयाला पाठवा.” बायकोच्या बापाच्या जागेवर काम करणाऱ्या माणसाला हा शब्द बुटातल्या खड्यासारखा असतो. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला कळतं.

स्वतःला काय मिळणार, हेही चिमटीने मांडलं होतं. तिला घर हवं होतं, पण स्वतःसाठी नव्हे. बाबा त्या अंगणात डोळे मिटून फिरत. न्हाणी कुठे, नळ कुठे, तुळईला डोकं कुठे लागतं, सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. दुसऱ्या गल्लीत नेलं तर पहिल्याच आठवड्यात ते हरवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसावं यासाठी तिने वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला की ती हसून म्हणायची, “बाबांना आता गोड दिसायला हवंय.” रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा मागितली की म्हणायची, “मघाशी घेतलीत, आता दुसरी हवी तर लाच द्यावी लागेल.” छावणीच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर ती बसायची. कोण विसरलंय आणि कोण विसरल्याचं सोंग करतंय, हे तिला माणसाच्या पहिल्या वाक्यात कळायचं. घरातलं मात्र तिने आपल्या खिडकीबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

चिमटी हे नाव बाबांचंच. लहानपणी शस्त्रागाराच्या फरशीवर सांडलेले बारीक स्क्रू ही दोन बोटांनी अचूक उचलायची, म्हणून.

तर सगळं एका तपासणीवर अडलं होतं. छावणीत जुन्या लाकडी दस्त्याच्या रायफली होत्या, कोणत्या तरी विसरलेल्या लढाईतून परत आलेल्या. आता त्या कोणावर रोखायच्या नव्हत्या. जुना सैनिक गेला की त्याला त्यांची सलामी मिळायची आणि नव्या भरतीला त्यांच्यावर नेम शिकवला जायचा. वरच्या कचेरीने विचारलं होतं: या भरवशाच्या आहेत का? प्रत्येक रायफल आधी चांदमारीच्या मैदानावर झाडून बघा, मग आमचा माणूस येऊन तपासेल. नीट असल्या तर राहतील, आणि त्यांचा मिस्त्रीही राहील. नसल्या तर भट्टीत जातील. मिस्त्रीचं काय होईल ते लिहिलं नव्हतं, पण रायफली नसलेल्या शस्त्रागाराला मिस्त्री कशाला लागतो, हे कळायला फार शिकावं लागत नाही.

जावयाने कंबर कसली. इतकी कसली की घात झाला. मोबाईलवर एक दाढीवाला माणूस आपल्या गॅरेजात अशाच रायफली साफ करून दाखवायचा. त्याने बोल्ट काढून रॉकेलच्या बादलीत बुडवला आणि मळ कसा पाण्यासारखा सुटला. जावयाने तेच केलं. फरक एवढाच की दाढीवाल्याकडे रायफल एक होती. जावयाने सगळ्या रायफलींचे बोल्ट उपसले, एका मोठ्या घमेल्यात ओतले, वर रॉकेल सोडलं आणि समाधानाने चहाला गेला.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीमागची कडी. काडतूस आत गेलं की हीच त्याच्या बुडाशी घट्ट बसते आणि स्फोट तोंडाकडे ढकलते. ती ज्या रायफलीत घासून बसवलेली असते तिचीच असते. दुसरीत घातली तर बंद होईल, दिसेलही छान. पण मागे केसभर जागा जास्त राहिली तर काडतूस फाटतं आणि आगीला मागची वाट सापडते. मागे काय असतं? झाडणाऱ्याचा डोळा.

चहा पिऊन आल्यावर त्याने बोल्ट पुसून ओळीत मांडले आणि त्यांच्यावरचे आकडे रायफलींच्या आकड्यांशी जुळवायला बसला. जुळेनात. निम्म्याहून जास्त बोल्ट कधीकाळी मोडीत निघालेल्या दुसऱ्याच रायफलींचे होते. ते सासऱ्यांनी हाताने घासून इथे बसवले होते, पण त्यांच्यावर नवे आकडे कोरले नव्हते. का कोरले नव्हते? कोणी विचारलं की ते छाती काढून सांगायचे, “मला माहीत आहे ना!”

मापाचे पोलादी तुकडे असते तर प्रश्न मिटला असता. प्रत्येक रायफलीत तुकडा घालून बोल्ट बंद करून बघायचा, जागा बरोबर की जास्त ते लगेच कळतं. पण छावणीतले तुकडे कोणीतरी नेलेले परत आले नव्हते, आणि वरून मागवायचे तर कारण लिहावं लागतं. कारण काय लिहिणार? ‘मी सगळे बोल्ट एका घमेल्यात टाकले’?

मग जावई ज्ञान शोधत फिरला. छापील पुस्तकात पाहिलं तर ‘आकडे जुळवावेत’ एवढंच. मोबाईलवर दाढीवाला म्हणाला काही होत नाही. एक टकला म्हणाला हमखास मराल. आणि दोघांच्या खाली शेकडो लोक एकमेकांची अक्कल काढत होते. न्हाव्याच्या दुकानात निवृत्त शिपाई बसायचे, त्यांना त्याने आडून विचारलं.

“नुसतं तेल पाज रे,” एकजण गालाला साबण लावलेल्या स्थितीत म्हणाला. “आम्ही चिखलातून काढून झाडल्यात.”

“तू कुठे झाडलीस? तू तर स्वयंपाकघरात होतास,” दुसरा म्हणाला.

“स्वयंपाकघरातही रायफल होती!”

“असेल. फोडणीला.”

सगळे हसले, जावईही हसला आणि जसा आला तसा रिकाम्या हाताने घरी गेला. प्रत्येकाला सगळं माहीत होतं. ज्याच्या माहितीवर भरवसा ठेवून रायफल खांद्याला लावावी, असा एकच माणूस होता, आणि तो त्याच्याच घरात, अंगणातल्या बाजेवर बसून होता.

“मामा,” जावई त्यांच्यापुढे उकिडवा बसला, “जरा शस्त्रागारात येता का? तपासणीच्या आधी तुमचा हात फिरला असता तर बरं.” मग आवाज खाली आणून त्याने घमेल्याची हकिकतही सांगितली.

चिमटी दारात उभी होती. बाबा आता संतापतील, या भीतीने तिने पदर घट्ट धरला. पण बाबांचा चेहरा असा उजळला की त्यांचं वय क्षणभर उतरलं.

“सगळे? एका घमेल्यात?” ते म्हणाले. “जावईबापू, तुम्ही भांडी घासायला निघाला होतात की शस्त्रं?”

“चुकलो, मामा.”

“चुकणारच. मी शिकवायला गेलो की तुम्ही मोबाईल बघत बसायचात. चिमटे, माझा खाकी कोट काढ. आणि काजळी धर थोडी, दिव्यावर.”

तिथेच तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण बाबा उठून आरशापुढे कॉलर नीट करत होते. वर्षभरात त्यांनी आरशात पाहिलंच नव्हतं. तिने कोटाला इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी बाबा आपल्या खुर्चीत बसले. साहेब येऊन गेले. “काय मिस्त्री, पुन्हा हजर?” म्हणाले. बाबांनी नुसती मान हलवली, कामात असलेला माणूस हलवतो तशी. बोल्टाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना निघालेल्या दोन कानांना त्यांनी काजळी फासली, बोल्ट रायफलीत घातला, मूठ हळूच खाली दाबली, पुन्हा उघडला आणि उजेडात धरला. दोन्ही कानांवरची काजळी सारखी पुसली गेली तर बोल्ट तिचाच. एकाच बाजूची पुसली तर परका. मग त्यांनी खोट्या काडतुसावर मूठ बंद करून बोटांनी जोखली. डोळे मिटलेले, ओठ जरासे हलताहेत. जावई पुढे एकेक रायफल करत होता आणि शिव्याही झेलत होता.

“या नळीत तेल कोणी सोडलं? तळण काढायचं होतं?”

“गंजू नये म्हणून, मामा.”

“काडतूस बसतं तिथे तेल ठेवून झाडली तर सगळा धक्का बोल्टावर येतो. कोरडी पाहिजे. आणि झाडून झाल्यावर आधी काय?”

“तेल.”

“आधी उकळतं पाणी! काडतुसाचा क्षार तेलाने जात नाही. आधी पाणी, मग कोरडं, मग तेल. तुमच्या दाढीवाल्याला सांगा, उकळत्या पाण्याने दाढीही स्वच्छ निघते.”

चिमटी डबा घेऊन आली तेव्हा जोडलेल्या रायफली भिंतीशी उभ्या होत्या. एकीच्या दस्त्याला पितळी पट्टी ठोकलेली होती. तिची जोडणी होताना चिमटीने स्वतः पाहिली. मूठ घासून पांढरी पडलेला बोल्ट तिला बसला आणि बाबांनी समाधानाने “हं” केलं. मग जेवण झालं. जावई हात धुवायला गेला. बाबा जरा डुलकी काढून जागे झाले, भिंतीकडे पाहिलं आणि पट्टीची रायफल उचलून घेतली.

“हिला अजून कोणी हात लावला नाही वाटतं,” ते म्हणाले.

तिच्यातला बोल्ट काढून त्यांनी उरलेल्यांत ठेवला, दुसरा घेतला, काजळी लावली, ओझरतं पाहिलं आणि मूठ न जोखताच तितक्याच समाधानाने “हं” केलं. नंतर तो पांढऱ्या मुठीचा बोल्ट शेवटी उरलेल्या रायफलीत गेला. तिथे तर पर्यायच नव्हता.

चिमटीने डब्याची झाकणं एकात एक बसवली, काढली, पुन्हा बसवली. जावई हात पुसत दारात केव्हा येऊन उभा राहिला होता, ते तिला कळलं नाही.

चांदमारीचा दिवस ठरला. घरी आल्यावर बाबा खूप बोलले, खूप जेवले आणि म्हणाले, “पहिली गोळी प्रत्येक रायफलीची मी झाडणार. ज्याने जोडली त्याने झाडायची. माझा नियम आहे. तिवईला बांधून दोरीने चाप ओढणारा मिस्त्री मी नव्हे. स्वतःच्या कामाला स्वतःचा गाल लावायचा.”

चांदमारीच्या दिवशी सकाळी जावई नळावर दाढी करत होता. चिमटीने त्याच्या हातात चहाचा कप न देता तो कट्ट्यावर ठेवला.

“अहो, एक सांगायचंय. ती पट्टीची रायफल…”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“मामांनी ती दोनदा जोडली. पाहिलं मी.” त्याने आरशातूनच सांगितलं. “आणि मामा विसरतात, तेही माहीत आहे. मी याच घरात राहतो ना. गोळी किती वेळा मागतात ते मलाही ऐकू येतं.”

तिला वाटलं होतं की झाकून ठेवणारी ती एकटीच आहे. इथे तर एका झाकणावर दोघांचे हात होते.

“मग तुम्ही गप्प का?”

“बाकीच्या बरोबर आहेत. हात अजून चुकत नाही त्यांचा, फक्त मधलं विसरतात. आणि थोडी ढिली असली तरी बहुतेक वेळा काही होत नाही.”

“आणि उरलेल्या वेळा?”

तो गालावरून वस्तरा फिरवत राहिला.

“आज कोण झाडणार आहे?” तिने विचारलं.

“मामाच म्हणाले ना. ज्याने जोडली त्याने.”

हे म्हणताना त्याच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं. चिमटीने ते पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. नवरा वाईट नव्हता. माणसाला चालून आलेली सुटका नाकारता येत नाही, एवढंच.

“तुम्ही साहेबांना सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या हातून बोल्ट मिसळले म्हणावं. माप मागवतील.”

“आणि जागा गेली की? मामांना कुठे नेशील? बाजारामागच्या खोलीत? पहिल्याच आठवड्यात हरवतील ते. तूच सांग, खोटं बोलतोय का मी?”

त्याने तिचाच हिशेब उचलून तिच्यापुढे ठेवला होता, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती वळली आणि अंगणात गेली.

बाबा बाजेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. कोट अंगात होता. ती त्यांच्या पायांशी बसली.

“बाबा, आज झाडू नका.”

“का? स्वप्न पडलं?”

“ती पट्टीची रायफल तुम्ही दोनदा जोडली. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. वेगळे बोल्ट.”

“काहीतरीच बोलू नकोस. चाळीस वर्षं मी…” ते थांबले. फडकं बुटावर होतं तिथेच राहिलं. “जेवणाआधी कोणता?”

“पांढऱ्या मुठीचा.”

“आणि नंतर?”

“काळ्या.”

बाबांनी फडक्याची घडी घातली. “मला एकदाच जोडल्याचं आठवतंय,” ते म्हणाले. “आणि ते एकदा कोणतं, तेही सांगता येत नाही.”

चिमटीला रडू आलं. डोळे तिने खाकी कोटाच्या बाहीला पुसले.

“हे केव्हापासून चाललंय?”

“वर्ष झालं असेल.”

“वर्ष! आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. एकदा.”

यावर ते चक्क हसले. “वा. म्हणजे तेही विसरलो.” मग हसू ओसरलं. “जावईबापूंना ठाऊक आहे?”

ती त्यांच्या बुटाची नाडी ओढून सरळ करत राहिली.

“आहे तर,” बाबा म्हणाले. “मला वाटत होतं त्याहून हुशार निघाला.” त्यांनी दुसरा बूट पायात घातला. “आकडे कोरायला हवे होते गं. एका दुपारचं काम. पण मनात यायचं, जोवर हे फक्त मला माहीत आहे, तोवर मला कोण हलवतो? आता बघ. मीच हललो, आणि सगळं घेऊन.”

ते उठले आणि फाटकाकडे निघाले. चांदमारीची वाट उजवीकडे होती. ते डावीकडे, कचेरीकडे वळले.

“बाबा, तिकडे कुठे?”

“साहेबांकडे. सांगतो, बोल्ट मी मिसळले. मदत करायला आलो आणि घोटाळा केला. माप मागवा.”

“पण तुम्ही नाही मिसळले!”

“मला माहीत आहे. त्याने कबूल केलं तर त्याची जागा जाते. मी केलं तर माझं काय जातं? माझी जागा केव्हाच गेली.” ते तिचा हात धरून चालू लागले. “चल लवकर. आज मला माहीत आहे की मी नाही केलं. माहीत आहे तोवर उरकून टाकू.”

जावई चांदमारीच्या सामानासाठी कचेरीतच आला होता. त्याच्या समोरच बाबांनी सावधान उभं राहून सगळं सांगितलं. आवाज ठणठणीत होता. साहेब भला माणूस होता. तो ओरडला नाही, टेबलावरचे हात मात्र त्याने मागे घेतले. जावयाने एकदा तोंड उघडलं. चिमटीने त्याच्याकडे पाहिलं. तो काय बोलतो याची तिने वाट पाहिली. त्याने घसा साफ केला आणि तोंड मिटलं.

“बसा, आजोबा,” साहेब म्हणाले आणि स्वतः उठून खुर्ची पुढे केली. “पाणी घेणार?”

सगळ्या नोकरीत बाबांना छावणीतल्या कोणीही मिस्त्री सोडून दुसरी हाक मारली नव्हती. ते बसले. पाणी प्यायले. शिपायाने त्यांना उठताना काखेत हात देऊन आधार दिला, आणि बाबांनी तो घेतला.

चांदमारी पुढे ढकलली गेली आणि मापाचे तुकडे आले. जावयाने प्रत्येक रायफल जोखली. बाबांनी जोडलेल्या सगळ्या रायफली बरोबर निघाल्या, फक्त दोन सोडून: पट्टीची, आणि जिला पट्टीच्या रायफलीचा पांढऱ्या मुठीचा बोल्ट मिळाला होता ती. काळ्या मुठीच्या बोल्टानिशी पट्टीची रायफल झाडली असती आणि बाबांचा गाल तिला टेकलेला असता, तर काय झालं असतं ते मापाने सांगितलं. त्या दोघींचे बोल्ट अदलाबदल केले आणि त्याही बरोबर झाल्या. म्हणजे म्हाताऱ्या बोटांनी चूक केली नव्हतीच. मधली एक डुलकी तेवढी नडली होती. जावयाने मग एका दुपारी बसून सगळ्या बोल्टांवर आकडे कोरले. चांदमारी आणि तपासणी झाली, शेरा चांगला आला, जागा कायम झाली. साहेबांनी जावयाला समजावून सांगितलं, “आजोबांना आता आत आणत जाऊ नका. कोणाला इजा व्हायची. त्यांनाच व्हायची.” जावयाने होकार दिला.

बाबांनी सुरुवातीला ते हसत घेतलं. कधीमधी चिमटीला डोळा मारायचे, “काय, कसं फसवलं साहेबाला?” मग डोळा मारणं कमी झालं. मग एके सकाळी नळावर तोंड धुताना ते म्हणाले, “चिमटे, मी ते बोल्ट का मिसळले असतील गं?”

“तुम्ही नाही मिसळले, बाबा. तुम्ही नुसतं सांगितलंत तसं.”

“मी खोटं कशाला सांगेन?”

“आमच्यासाठी.”

“माझी समजूत घालू नकोस.” आणि ते घमेल्याबद्दल बोलू लागले. कोणत्या कोपऱ्यात होतं, रॉकेलचा वास कसा नाकात गेला, बोल्ट पडताना आवाज कसा झाला. न पाहिलेलं सगळं त्यांना आता पाहिल्यासारखं आठवत होतं. खरं तेवढं गेलं होतं, आणि त्याच्या जागी हे येऊन पाय पसरून बसलं होतं. दारावरून पहारेकरी गेला की ते उठून उभे राहायचे. “माझ्या हातून चूक झाली बरं का. पोरांच्या डोळ्यावर बेतलं असतं.” पहारेकरी म्हणायचा, “होतं हो, आजोबा,” आणि पुढे जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आदल्या दिवशी माफी मागितल्याचं त्यांना आठवत नसे; चूक मात्र आठवायची.

एकदा जावई जेवताना हे ऐकत होता. घास हातात तसाच राहिला.

“तुमचं ऐकतील ते,” चिमटी त्याच्याकडे न बघता म्हणाली. “मी बोलले की समजूत घालतेय असं वाटतं त्यांना. तुम्ही मिस्त्री आहात आता. तुम्ही सांगा.”

तो उठला. हात न धुताच अंगणात गेला आणि म्हाताऱ्यापुढे उकिडवा बसला, पूर्वी बसला होता तसाच.

“मामा, ते मी केलं होतं. घमेलं माझं, चूक माझी. तुम्ही मला वाचवलंत. मी साहेबांसमोर गप्प बसलो.” बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. “मी तर तुम्हाला झाडूही देणार होतो, मामा.”

बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग त्याच्या उष्ट्या हातावर आपला हात ठेवला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “मोठं मन आहे तुमचं. म्हाताऱ्याचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेताय. माझ्या लेकीने नशीब काढलं. पण आपली चूक जावयाच्या गळ्यात घालणारा मिस्त्री मी नव्हे.”

जावयाने पुन्हा सांगितलं. शपथ घेऊन सांगितलं. जितकं तो सांगत गेला तितका म्हातारा त्याच्यावर अधिक खूश होत गेला. शेवटी जावई उठून शस्त्रागारात गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

पुढे चिमटी औषधांच्या खिडकीत बसून कधीकधी मोजायची, कोणाच्या वाट्याला काय आलं. छावणीला रायफली राहिल्या. साहेबांना चांगला शेरा मिळाला. नवऱ्याला जागा मिळाली, आणि खरं बोलायची किंमत द्यायला तो निघाला तेव्हा ती घेणारं कोणी उरलं नव्हतं. तिला घर मिळालं. बाबा त्या अंगणात अजून कधी वाट चुकले नाहीत. भरलं एकट्या बाबांनी. न केलेल्या चुकीचं भरलं, आणि भरून झाल्याचं त्यांच्या ध्यानात राहत नाही, म्हणून रोज सकाळी नव्याने भरतात.